आप्पांचा अंगठा

रात्रीच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याहून सोलापुरात उतरलो. आप्पा दोन घास खाऊन झोपलेत, मला मात्र झोप येईना.

दीड वर्ष झालं, त्यांचा उजवा पाय जड पडतोय. चाळीस वर्षं यंत्रमागावर उभं राहून चादरी काढलेला माणूस, आता उंबरा ओलांडताना चप्पल घासते. "वय झालं, चालायचंच" हे ऐकून जीव विटला होता. एकांनी पार्किन्सन म्हणून गोळ्या दिल्या, काडीचा फरक नाही.

आज चुंबकानं मेंदूची तपासणी झाली, टीएमएस म्हणतात. १९८५ साली इंग्लंडात शेफिल्डला अँथनी बार्कर यांनी हे तंत्र आणलं. भूल नाही, चिरफाड नाही. पेसमेकर आहे का, डोक्यात धातू आहे का, हे आधी खोदून विचारलं. मग हाताला पट्ट्या चिकटवल्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉइल डोक्यावर धरली. टक्! आप्पांचा अंगठा उडाला.

"अगं, मी नाही हलवला!" आप्पा माझ्याकडे बघतच राहिले.

मेंदूचा निरोप हाताच्या स्नायूपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांत पोचतो. नंतर मानेवर टक्, म्हणजे मानेपासून हातापर्यंतचा वेळ कळतो. दोन्हींतला फरक काढला की मेंदू ते मज्जारज्जू एवढ्याच वाटेचा वेळ हाती येतो. हातांचा वेळ ठीक निघाला. उजव्या पायाचा निरोप मात्र उशिरा पोचतोय.

डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, यातून आजाराचं नाव कळत नाही, वाट अडलीय हे कळतं. सोमवारी पाठीच्या मणक्यांचा एमआरआय आहे. आप्पा गाडीत सारखे अंगठा हलवून बघत होते.