सपत्नीक

सॉल्ट लेक सिटीतल्या बर्फाबद्दल आणि खाऱ्या तळ्याच्या वासाबद्दल मागे लिहिलं होतं. यावेळी इथल्या एका ग्रंथालयाबद्दल, आणि त्यापायी ग्वाल्हेरला आत्याच्या मागे लावलेल्या भुणभुणीबद्दल.

मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाचं हे फॅमिलीसर्च ग्रंथालय फक्त वंशावळी शोधणाऱ्यांसाठी आहे. पैसे पडत नाहीत, धर्म कोणी विचारत नाही. या लोकांचं काम 1894 पासून चाललंय. 1938 पासून त्यांनी जगभरच्या नोंदींचे मायक्रोफिल्म काढले आणि ती 24 लाख रिळं संगणकावर चढवून 2021 मध्ये संपवली. मूळ रिळं शहराबाहेर ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांनी टिपल्यात. एवढा खटाटोप का, तर वारलेल्या पूर्वजांसाठी मंदिरात विधी करायचा असतो आणि त्याला ज्याचं त्याचं नाव लागतं. म्हणजे आपलाच पितृपक्ष, फक्त वातानुकूलित.

तिथल्या आजीबाईंनी मला एक तक्ता दिला. आपला आकडा 1. कोणाचाही आकडा दुप्पट केला की त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. बाबा 2, आई 3, बाबांचे वडील 4, बाबांची आई 5. सोपं आहे, आणि कितीही मागे गेलात तरी आकडा बदलत नाही. तासाभरात माझे 2, 4, 8, 16, 32 हे आकडे भरले, कारण सातारा जिल्ह्यातून शिंद्यांच्या लष्करात आलेल्या मूळ पुरुषापासूनची नावं आमच्याकडे लहानपणी पाठ करून घेतात. विषम आकडे 7 च्या पुढे कोरे. आजीबाईंनी सहज विचारलं, 11 कोण? म्हणजे माझ्या आजीची आई. मी हसून वेळ मारून नेली.

आत्या जनकगंजात राहते. तिची सकाळ सातची, तेव्हा माझी आदल्या दिवसाची संध्याकाळ साडेसात. तिने ट्रंकेतून आजोबांची महालयाची वही काढली. कोणाकोणाला तर्पण द्यायचं त्याची क्रमवार यादी, शेजारी तिथी. तिच्या फोनवरून पानांचे फोटो आले, प्रत्येकात तिचा अंगठा.

या यादीत बायका असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आजोबांची माता, पितामही, प्रपितामही: 9, 17, 33 एका दमात भरले. तीनपैकी दोन लक्ष्म्या निघाल्या, अर्थात लग्नात ठेवलेली नावं. माहेरची नावं त्यांच्याबरोबर गेली.

पणजी वारल्याची साल वहीत 1984 होती. मी वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये तशीच टाकली आणि त्याने लाल खूण केली: वय 114. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, कचेरीत विक्रम संवत् चालायचा, म्हणून घरीही तोच. 57 वजा केले, 1927 आले. पुढच्याच पानावर शके 1849, म्हणजे तेच वर्ष. (त्यातून शेजारचे हिंदी भाषक आपल्या श्रावण वद्याला भाद्रपद म्हणतात, ते वेगळंच.) वंशावळीच्या फाइलींचा जो जुना ठरलेला साचा आहे, गेडकॉम म्हणतात त्याला, त्यात हिब्रू पंचांग चालतं, फ्रेंच राज्यक्रांतीचंसुद्धा चालतं. शक-संवताला जागा नाही. आता मी मूळ तिथी जशीच्या तशी शेऱ्यात लिहिते आणि इंग्रजी साल वेगळी. पणजीला एकदा सत्तावन्न वर्षं जास्त जगवलं, तेवढं पुरे.

फोटोंच्या फाइलींना आधी आकडा, मग नाव, मग साल. शिवाय प्रत्येक माहितीपुढे एक अक्षर: कागदावरची असेल तर ‘का’, ऐकीव असेल तर ‘ऐ’, आणि कोणी कधी सांगितलं ते. हा खटाटोप सुरुवातीला केला नव्हता, म्हणून माझ्या पणजोबांच्या दोन जन्मसाली आहेत आणि दोन्ही कुठून आल्या ते मला सांगता येत नाही.

वहीत पुढे आजोबांचं आजोळ आहे. मातामह, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा: 18, 36, 72. तिघांची नावं स्वच्छ अक्षरात, आणि प्रत्येकापुढे एकच शब्द, ‘सपत्नीक’. म्हणजे 19, 37 आणि 73. मंत्रच तसा आहे, आजोबांनी हात राखून लिहिलं असं नाही. पान उलटलं तर शेवटाकडे ‘श्वशुर’. आजोबांचे सासरे, म्हणजे माझा 10. पुढे पुन्हा तेच. ज्या 11 साठी एवढं केलं, ती त्या एका शब्दात बसली होती.

“आत्या, तुझ्या आजीचं नाव काय गं?”

“जिजी.”

“ते हाक मारायचं. खरं नाव?”

बराच वेळ फोनवर कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. “अगं, कोणी घेतच नव्हतं तिचं नाव. मला सुपारी फोडून द्यायची. नाकात मोठी नथ नाही, चमकी होती. चमकीच लिही ना.”

शेऱ्यात चमकी लिहिली. 11 पुढे ‘जिजी’, ‘ऐ’, आत्या, आणि तारीख. छत्री बाजारात आत्याची मामेबहीण आहे, नव्वदीची. तिला दुपारी नीट ऐकू येत नाही म्हणे, सकाळी लवकर जायला हवं. आत्या गुरुवारी जाणार आहे.