तुम्ही नक्की कोणाचे?

कॉलेजात व्याख्यान झालं की, लग्नाच्या पंगतीत, नाहीतर पणजीला कदंब बसची वाट पाहत उभं असताना, प्रश्न एकच येतो. कोणी आडून विचारतं, कोणी तोंडावर. "तुम्ही उमेदवारांना सल्ले देता, त्याचे पैसे घेता आणि रात्री टीव्हीवर बसून निवडणुकीचं विश्लेषणही करता. मग तुम्ही नक्की कोणाचे?" परवा तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

ज्याचे पैसे घेतो, त्या निवडणुकीपुरता मी त्याचा. यात लपवण्यासारखं काही नाही. "मी कोणाचाच नाही" असं म्हणणारा माणूस गोव्यात कोणाला पटतच नाही. विधानसभेचे मतदारसंघ 40, आणि 2022 च्या यादीप्रमाणे एकेका मतदारसंघात सरासरी 28-29 हजार मतदार. एवढ्याशा राज्यात माझा मेहुणा एकाचा बूथ सांभाळतो आणि चुलतभाऊ दुसऱ्याच्या गटातून पंच म्हणून निवडून येतो. आमच्याकडे पंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, तरी कोणता पंच कोणत्या आमदाराचा, हे पाव घालायला येणाऱ्या पोदेरालाही ठाऊक असतं. तेव्हा तटस्थपणाचा आव आणण्यापेक्षा आपलं खातं उघडं ठेवलेलं बरं.

या धंद्यात आलो तो बातमीदारीतून. नव्वदच्या दशकात एका मराठी दैनिकात होतो. मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयात सकाळी जायचं, ते दुपारपर्यंत सरकार टिकेल का, हे डोक्यात ठेवूनच. 1990 साली चर्चिल आलेमाव 18 दिवस मुख्यमंत्री होते. 1994 च्या एप्रिलमध्ये रवी नाईक यांच्या वाट्याला आठवडाही पुरा आला नाही. 1999 साली लुईझिन फालेरोंच्या नेतृत्वाखाली काँग्रेसला 21 जागा मिळाल्या, म्हणजे चक्क स्पष्ट बहुमत. सरकार नोव्हेंबरमध्ये पडलंसुद्धा. अशा काळात बातमीदाराला आमदार फुकट विचारायचे, "तुमच्या भागात काय म्हणतात लोक?" पुढे त्यांच्यातल्याच एकाने म्हटलं, फुकट कशाला, निवडणूक होईपर्यंत माझ्याकडेच या. गेलो. बाकी त्या प्रवासात सांगण्यासारखं फार नाही.

सल्लागार म्हणजे लोकांना वाटतं, एसी खोलीत बसून घोषणा आणि गाणी रचणारा माणूस. माझं निम्म्याहून जास्त काम मतदारयादीवर चालतं. निकालानंतर बूथवार मतांचा तक्ता मिळतो. तो समोर ठेवायचा, शेजारी चालू यादी ठेवायची आणि एकेक घर वाचत जायचं. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात एका उमेदवाराच्या घरी, मागच्या खोलीत, काजूच्या पोत्यांना टेकून आम्ही असे बसलो होतो. यादी वाचायला गावातल्या निवृत्त शिक्षिका. अख्खा गाव त्यांना बाई म्हणतो. हातात पेन्सिल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "हो बोटीर. ही लंडनाक. हाका पुर्तुगेज पासपोर्ट मेळ्ळा. आनी हो तर फाटल्या वर्साच गेलो." कोणी बोटीवर कामाला, कोणी लंडनला, कोणी पोर्तुगीज पासपोर्टवाला, कोणी गेल्या वर्षीच वारलेला. एका पानावर बारा नावं अशी खोडली गेली, आणि उमेदवार अजून ते पान "आपलं" म्हणून धरून बसलेला. पुढच्या घराशी मी विचारलं, "बाई, इथली तीन धरू?" त्या म्हणाल्या, "दोन बरय. सून आमची न्हय. तिचो बापूय तांचो बूथ एजंट." म्हणजे दोनच लिहा, सुनेचा बाप समोरच्यांचा बूथ एजंट.

कोणत्याही सर्वेक्षणात ही सून सापडत नाही. ती विचारणाऱ्याला हसून "तुमकांच" (तुम्हालाच) म्हणते आणि चहा देते.

मग उमेदवाराला नकोसं वाटेल ते सांगायचं, हे उरलेलं निम्मं काम. उमेदवाराला सभा हवी असते. दिल्लीहून कोणी नेता यावा, मैदान भरावं, ड्रोनने फोटो काढावेत. मी म्हणतो, अमुक वाड्यावरच्या बूथवर गेल्या वेळी तुला 40 मतांचा फटका बसला होता. तिथे नळाचं पाणी अजून दिवसाआड येतं. सभेच्या संध्याकाळी तिथे चार घरांत जाऊन बस. त्याला ते पटत नाही. मी 2022 चे आकडे समोर ठेवतो. सांत आंद्रेची जागा 76 मतांनी गेली. फोंडा 77 मतांनी. साखळीत खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत 666 मतांनी तरले. 77 मतांचा फरक उलटवायला 39 मतदार फिरले तरी पुरे, म्हणजे दहा-बारा घरं. मोठ्या सभेत त्यातलं एकही घर बदलत नाही. तिथे येतात ते आधीच आपले असतात, नाहीतर बसमधून आणलेले.

त्याच निवडणुकीच्या आधी, 2021 मध्ये, तृणमूल काँग्रेस गोव्यात उतरली आणि तिच्यासोबत आय-पॅक या निवडणूक-सल्लागार कंपनीची मंडळी. लॅपटॉप घेतलेली हुशार मुलं, नाक्यानाक्यावर फलक, महिलांना दरमहा 5 हजार देण्याची योजना. काही महिने इथल्या सगळ्या जुन्या सल्लागारांना वाटलं, आपलं दुकान बंद. निकाल लागला तेव्हा तृणमूलला पाचेक टक्के मतं आणि जागा शून्य. त्या मुलांना मी कमी लेखत नाही, त्यांच्याकडून आकड्यांची शिस्त शिकण्यासारखी होती. पण आकड्यांचाच एक नियम इथे आडवा येतो. शितावरून भाताची परीक्षा करायची तर टोप मोठा असो की लहान, शितं सारखीच चेपावी लागतात. दहा कोटींच्या राज्याचा कल सांगायला काही हजार लोकांचा नमुना लागतो, आणि 28 हजारांच्या एका मतदारसंघाचा तेवढ्याच खात्रीने सांगायचा तरी त्याच्या जवळपासच लागतो. गोवा म्हणजे असे 40 टोप. संपूर्ण राज्यात दोन-तीन हजार लोकांना विचारलं की एका मतदारसंघाच्या वाट्याला साठ-सत्तर माणसं येतात. त्यावरून राज्यातली मतांची टक्केवारी बऱ्यापैकी सांगता येईल. 76 मतांनी कोण पडणार, हे ब्रह्मदेवालाही नाही.

मलाही सगळीकडचं कळत नाही. पेडणे, डिचोली, फोंडा, बार्देशाचा काही भाग, एवढ्यातच मी काम घेतो. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात घेत नाही. तिथलं वारं चर्चच्या पायऱ्यांवर आणि फुटबॉलच्या मैदानावर कळतं, आणि तिथे मी उभा राहिलो तर लोक बोलणं थांबवून माझ्याकडे बघतील. 2024 च्या लोकसभेला दक्षिण गोव्यात काँग्रेसचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस 13 हजारांवर मतांनी जिंकले, ते सासष्टीच्या जोरावर. त्या रात्री चॅनेलवर मी सांगितलं की या भागाबद्दल माझ्याहून चांगलं बोलणारे दोघे तुमच्याच पॅनलवर आहेत, त्यांना विचारा. निवेदकाला ते फारसं रुचलं नाही.

आता टीव्हीकडे वळतो, कारण तुमचा खरा आक्षेप तिथे आहे.

स्टुडिओत कानात इअरपीस असतो आणि त्यातून आवाज येतो, "सर, आकडा द्या." मी आकडा देत नाही. आमच्याकडे आकडा आला तरी पुढचं कळत नाही. 11 मार्च 2017 चा निकाल घ्या. काँग्रेस 17, भाजप 13, मावळते मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्रेत पराभूत. दिवसभर पडद्यावर "कौल कोणाला" ही पट्टी फिरत होती. 14 तारखेला मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्रिपद सोडून मुख्यमंत्री झाले होते. मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) आणि गोवा फॉरवर्ड हे स्थानिक पक्ष आणि अपक्ष कोणाशी, किती वाजता, काय बोलले यावर ते ठरलं, आणि ते कुठल्याच मतपेटीत नव्हतं. जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे 15 पैकी 10 आमदार भाजपात गेले: बरोबर दोन-तृतीयांश, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातून आमदारकी वाचवायला लागतात तेवढे. धडा घेऊन काँग्रेसने जानेवारी 2022 मध्ये उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. निवडून आले 11. त्यातले 8 जण 14 सप्टेंबरला भाजपात. पुन्हा दोन-तृतीयांशाच्या वर, म्हणजे पक्षांतरबंदीतल्या विलीनीकरणाच्या पळवाटेत चपखल बसणारे. त्यामुळे "कोण येतलो?" (कोण येणार?) असं कोणी विचारलं तर मी पक्षाचं संख्याबळ काढतो, त्याचे दोन-तृतीयांश किती ते बघतो आणि त्यातल्या किती जणांना मंत्रिपद मिळू शकतं ते मोजतो. घटनेप्रमाणे गोव्यात मुख्यमंत्र्यांसह मंत्री 12 च्या वर करता येत नाहीत. पुढच्या नाराजीचा अंदाज तिथूनच लागतो.

2022 मध्ये एक गंमत झाली. गोव्याचं मतदान 14 फेब्रुवारीला उरकलं, पण उत्तर प्रदेशचा शेवटचा टप्पा 7 मार्चला होता. तो संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या दाखवायला कायद्याने बंदी. तब्बल तीन आठवडे यंत्रं स्ट्राँगरूममध्ये आणि आम्ही विश्लेषक घरी. त्या तीन आठवड्यांत म्हापशाच्या बाजारात भाजी-पाव खाता खाता जेवढं सरस राजकीय विश्लेषण ऐकलं, तेवढं कुठल्या चॅनेलवर कधी ऐकलेलं नाही.

असो. तुमच्या प्रश्नाची कडू बाजू अजून राहिलीच. ज्या मतदारसंघात माझं काम चालू असतं, त्याच्यावर मी टीव्हीवर बोलत नाही आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच तसं सांगतो. एका चॅनेलवाल्यांनी मला सुचवलं होतं, "हे ऑन एअर सांगू नका, प्रेक्षकांचा गोंधळ होतो." मी सांगितलं. पुढे बराच काळ तिथून बोलावणं आलं नाही. हा नियम पाळला की सगळं स्वच्छ झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. कारण ग्राहकाच्या घरच्या त्या मागच्या खोलीत मला शेजारच्या मतदारसंघाचंही कळतं. कोण अर्ज भरून मागे घेणार, कोणाचे कार्यकर्ते दिवसा एका गाडीत आणि रात्री दुसऱ्या गाडीत, कोणत्या अपक्षाचा खर्च कुठून येतो. हे मी विश्वासाने ऐकलेलं असतं, म्हणून टीव्हीवर बोलता येत नाही. आणि बोलता येत नाही म्हणून त्या शेजारच्या जागेबद्दल मी जे बोलतो, ते मला माहीत असलेल्यापेक्षा कमी आणि गुळमुळीत असतं. निवेदक विचारतो, "तिथे काय परिस्थिती?" मी म्हणतो, "चुरशीची लढत." तेव्हा संशय घ्यायचाच असेल तर माझ्या बोलण्यापेक्षा माझ्या "चुरशीची लढत"वर घ्या. ते शब्द ऐकू आले की समजा, या माणसाला इथलं काहीतरी ठाऊक आहे आणि तो सांगत नाही.

मग टीव्ही सोडून का देत नाही? खरं सांगायचं तर सोडवत नाही. शिवाय ज्याने कधी यादी वाचलेली नाही, बूथ एजंटाशी रात्री अकराला भांडलेलं नाही, तो माझ्या खुर्चीत बसून "सुप्त लाट" वगैरे बोलणार. माझा अर्धवट गप्प बसणारा अनुभव त्याच्या भरघोस अज्ञानापेक्षा प्रेक्षकाच्या जास्त कामाचा, असं मला वाटतं. तुम्हाला तसं वाटत नसेल तर तुमचंही मी चूक म्हणणार नाही.

काही पोरं याच धंद्यात यायचं म्हणतात. त्यांना मी एवढंच सांगतो की आधी एका वॉर्डाची पंचायत निवडणूक पूर्ण लढवून बघा, पैसे न घेता. पाचशे-सातशे मतांत सगळं राजकारण सापडतं: मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि भाटकार (त्या जमिनीचा मालक) यांचं जुनं भांडण, देवस्थान समितीतली फूट, गणेशचतुर्थीला कोणाच्या घरी आमदाराकडून सामान पोचलं आणि कोणाच्या नाही. बोलायला कोकणी हवी आणि वाचायला मराठी-इंग्रजी दोन्ही वर्तमानपत्रं, कारण एकाच सभेची बातमी दोन्हीकडे वेगळी छापून येते.

आणि पैशाचं. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 2022 मध्ये 28 लाख रुपये होती, माझं मानधन त्याच हिशेबात दाखवावं लागतं. दाखवायला तयार नसेल त्याचं काम मी घेत नाही. निम्मं अर्ज भरण्याआधी, उरलेलं मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत. मतमोजणीनंतर द्यायचं म्हणणाऱ्याला मी नमस्कार करतो. जिंकला तर तो स्वतःच्या पुण्याईवर जिंकलेला असतो, हरला तर माझ्यामुळे, आणि दोन्ही प्रसंगी त्याचा फोन लागत नाही.