तुम्ही विचारलंत म्हणून : पावती खरी होती

‘मॅडम, सोने म्हणजे पडून राहिलेले भांडवल, असे तुम्हीच आम्हाला शिकवलेत, मग तुमच्या कपाटात अजून पाटल्या कशा?’ हा प्रश्न मला चोपड्याच्या बाजारात विचारला जातो, लग्नाच्या मांडवात विचारला जातो आणि माझा मुलगा तर दर दिवाळीला विचारतो. कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवताना मी तसे म्हणत असे, हे खरे आहे. सोने व्याज देत नाही, मजुरी वाया जाते, मोडताना घट धरतात आणि घरात ठेवले तर झोप उडते. यातले एकही वाक्य मी आज मागे घेणार नाही. आईची आठवण म्हणून मी पाटल्या जपते, असा समज करून घेऊन काही जण समजूतदारपणे विषय बदलतात. तो समज चुकीचा आहे, म्हणून हे लिहीत आहे.

वडील शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या रकमेचा मोठा भाग त्यांनी एका पतसंस्थेत मुदत ठेवीत ठेवला. बँकेपेक्षा व्याज जास्त होते आणि संचालक ओळखीचे होते. २००७-०८ च्या सुमारास आपल्या जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांच्या दारांत ठेवीदारांच्या रांगा कशा लागल्या, ते इथल्या कोणाला सांगायला नको. त्याच काळात वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली, आणि जळगावच्या रुग्णालयाने दाखल करतानाच अनामत भरायला सांगितली.

पावत्या घेऊन मी संस्थेत गेले. मुदत संपून गेलेली होती. अध्यक्ष आणि व्यवस्थापक या दोघांच्या सह्या होत्या, शिक्का होता, अक्षरी रक्कम होती. व्यवस्थापकाने पावत्या उलटसुलट पाहिल्या, एका पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहिला आणि अतिशय सौजन्याने म्हणाला, ‘ताई, पावती खरी आहे, पैसे तुमचेच आहेत. वसुली झाली की देऊ.’ तो खोटे बोलत नव्हता, आणि हेच मला अजून नीट पटवून देता येत नाही. आमचा हक्क कोणीही नाकारला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे संस्था गुंडाळण्यासाठी अवसायक नेमला गेल्यावरही नाही. फक्त त्या हक्काला तारीख नव्हती, आणि रुग्णालयाला तारीख होती. बाहेर पायरीवर एक गृहस्थ थांबलेले होते. त्यांनी पावत्या रुपयाला तीस पैसे या भावाने मागितल्या, कारण कोणा कर्जदाराच्या खात्यात त्याच पावत्या कर्जफेड म्हणून पूर्ण किमतीने वळत्या होणार होत्या. म्हणजे त्या कागदाची पूर्ण किंमत मिळत होती, पण ती आम्हाला नव्हे, ज्याने कर्ज बुडवले त्याला. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते फक्त ‘देऊ नकोस’ एवढेच म्हणाले.

आईने त्या संध्याकाळी मोरीत बसून साबणाच्या पाण्याने पाटल्या हातातून काढल्या. मनगटाचे हाड मोठे होते, त्यामुळे उजव्या हाताची सहज निघेना. ती ओढत होती आणि मी पाणी घालत होते. ‘जे हातमा शे, तेच आपलं शे,’ असे ती आमच्या अहिराणीत म्हणाली, आणि मी, वाणिज्याची शिक्षिका, तिला उत्तर देऊ शकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभाष चौकाजवळच्या सराफाने पाटलीच्या आतल्या नक्षीतला मळ ब्रशने काढला, कसोटीवर रेघ ओढून पाहिली, वजन केले आणि गहाणाची रक्कम मोजून दिली. माझे शिक्षण, वडिलांची ओळख, आमचा संयम यांतले काहीच त्याला लागले नाही. पाटल्या पुढे सुटल्या. ठेवीचा काही भाग हप्त्यांनी मिळाला, तोही वडील गेल्यावर.

यावर माझी विद्यार्थ्यांना शिकवणारी जुनी मी लगेच हरकत घेते, आणि ती चुकीची नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते. ते फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाखांपर्यंत वाढले, आणि पतसंस्थेच्या ठेवीदाराला त्यातला रुपयाही लागू नाही. एका वाईट कागदावरून सगळ्या कागदांना दोष देणे हा अन्याय आहे. शिवाय नोव्हेंबर २०१५ मध्ये ज्यांनी सरकारचे पहिले सुवर्णरोखे, म्हणजे सोन्याच्या भावाशी बांधलेले कागद, ग्रॅमला २,६८४ रुपयांनी घेतले, त्यांना आठ वर्षांनी ६,१३२ रुपये मिळाले. मध्ये व्याजही मिळाले, आणि मजुरी नाही, घट नाही, चोर नाही. हा हिशेब माझा मुलगा मांडतो तेव्हा मी गप्प बसते. मात्र फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघाले नाहीत, हेही मी त्याला सांगते. घेतलेल्यांचे काही बुडाले नाही. पण ते दार केव्हा उघडावे आणि केव्हा लावावे, हे घेणाऱ्याच्या हातात नसते.

धातू तरी पूर्णपणे आपल्या हातात असतो का? १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला लगड किंवा बिस्किट बाळगायला बंदी होती आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला; दागिने तेवढे चालत, म्हणूनच आमच्या घरी सोने पाटल्यांच्या रूपात राहिले. आज सहा अंकाक्षरांचा हॉलमार्क क्रमांक नसलेला जुना दागिना मोडायला नेला की सराफाच्या शब्दावर विसंबावे लागते. आणि सराफही त्या सकाळी दुकान उघडून बसला होता म्हणून आमचे भागले, हे मी विसरत नाही.

आता माझी निवृत्तीची रक्कम बँकांत आणि पोस्टात आहे, कोणत्याही एका बँकेत पाच लाखांच्या आत. म्हणजे कागदावर माझा विश्वास नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. एक शस्त्रक्रिया भागेल एवढेच सोने मी ठेवते, त्याहून एक ग्रॅमही वाढवलेले नाही. पण ते कुठे ठेवावे, यावर माझेच माझ्याशी जमत नाही. आमच्या कॉलनीत उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद घरे फुटली तेव्हा मी पाटल्या लॉकरमध्ये ठेवल्या. तेथे आग लागली किंवा चोरी झाली, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपुरती असते, आणि माझ्या लहान लॉकरचे भाडे पाहता ती रक्कम पाटल्यांच्या आजच्या किमतीच्या जवळपासही येत नाही. शिवाय लॉकर बँकेच्या वेळेतच उघडतो. म्हणून मी त्या परत घरी आणल्या. एकट्या बाईने घरात सोने ठेवू नये, हे मुलाचे म्हणणे मला मान्य आहे, आणि पाटल्या अजून कपाटातच आहेत.