काटेरी तारेवरून फोन लावला, त्याची गोष्ट

आम्ही राहतो अमेरिकेत, कॅन्ससमध्ये. शेजारचे आजोबा ऐंशी ओलांडलेले. त्यांच्या कोठारात लाकडी पेटीचे, हँडल फिरवायचे दोन टेलिफोन निघाले. "आमच्या आजोबांचे. कुंपणावर चालायचे," ते म्हणाले. मग मला चैन पडेना.

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या मूळ पेटंटांची मुदत १८९३-९४ मध्ये संपली आणि यंत्रं कुणालाही बनवता-विकता येऊ लागली. पण एकेका शेतघरासाठी मैलमैल खांब रोवायला मोठ्या कंपन्या तयार नव्हत्या. काटेरी तार मात्र शेतोशेती आधीच पोचली होती. शेतकऱ्यांनी यंत्रं मागवली आणि कुंपणालाच जोडली. पेटीत स्वतःचे सेल, घंटेसाठी हाताने फिरवायचा मॅग्नेटो, म्हणजे वीज तयार करणारं छोटं यंत्र. बाहेरची वीज लागतच नाही.

आमच्या दोन घरांत अर्धा मैल कुंपण. प्रत्येक पेटीचं एक टोक कुंपणाच्या वरच्या तारेला जोडलं, दुसरं जमिनीत ठोकलेल्या सळईला, कारण परतीची वाट मातीतूनच. हँडल फिरवलं. पलीकडे घंटा कशीबशी किणकिणली, आवाज काही येईना.

कुंपणाबरोबर चालत गेलो तेव्हा कळलं. जुने खांब लाकडी, पण मधले काही बदलून लोखंडी केलेले. तिथे बराचसा प्रवाह जमिनीत जात होता. त्या काळी बाटल्यांची तोंडं, चामड्याचे तुकडे, मक्याची कणसंसुद्धा तारेखाली घालत. मी जुन्या पट्ट्याचं चामडं कापून एकेका खांबाला बसवलं. दोन दिवस गेले. गंजलेले जोड घासून पुन्हा पिळले. फाटकाशी दोन्ही बाजूंना उंच वासे उभारून तार वरून नेली. सळईभोवतीची माती कोरडी ठणठणीत होती, तिथे मिठाचं पाणी ओतलं.

आता घंटा खणखणीत, पण बोलणं अजून घोगरं. आजोबांनी बोलायच्या तोटीवर बोटाने दोन टिचक्या मारल्या. आत कोळशाचे बारीक कण असतात, ते वर्षानुवर्षं पडून घट्ट बसतात. टिचकीने ते सुटले, आणि पलीकडून बायकोचा आवाज आला, "अहो, ऐकू येतंय का?" मला क्षणभर उत्तरच सुचेना.

एका तारेवर अनेक घरं असत. प्रत्येकाची लांब-आखूड घंटांची खूण वेगळी, आणि एक लांबच लांब घंटा म्हणजे सगळ्यांनी उचला: आग, वादळ. दुसऱ्याची घंटा वाजली तरी लोक चोरून ऐकत आणि जितके रिसीव्हर उचलले जात तितका आवाज खाली जाई.

संध्याकाळी पाऊस आला. ओल्या खांबांतून प्रवाह झिरपू लागला, आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा झाला. सकाळी ऊन पडल्यावर आजोबा त्यांच्या पेटीशी गेले. माझ्या भिंतीवर घंटा वाजली: दोन लांब, एक आखूड. त्यांच्या लहानपणच्या घराची घंटा.