हलव्याला काटा येईपर्यंत

मुलाचं बोरन्हाण करायचं ठरलं, तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं की हलवा घरी करायचा. हलव्याचे दागिने बाजारात तयार मिळतात. दादरला तर डिसेंबरातच मुकुट, बासरी, बाजूबंद असा सगळा संच टांगलेला दिसतो. पण माझ्या बोरन्हाणाचा एक फोटो आहे. काळं झबलं, त्यावर पांढराशुभ्र हार, आणि हारातला एकेक दाणा चांदणीसारखा काटेरी. तो हलवा आत्याने केला होता. माझ्या लेकाच्या गळ्यात तसाच हार हवा होता.

डिसेंबरच्या शेवटी डोंबिवलीत घरीच पहिला प्रयोग केला. साखरेचा पाक, स्टीलची कढई, गॅस बारीक. तीळ ओले झाले, एकमेकांना चिकटले, वाळायचं नाव घेईनात. दोन तास हलवल्यावर हातात आले ते पिवळट गोळे. पुन्हा केलं. या वेळी दाणे सुटे राहिले, पण गुळगुळीत, नुसते साखरेत घोळलेले. मुलगा झोपला की रात्री अकरानंतर बसायची मी, आणि सलग तीन रात्री साखर वाया गेली. रडूच आलं.

आत्याला फोन केला. ती येवल्याला असते, वय ७४. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, तुमच्याकडे खाडीची दमट हवा. पाक सुकायलाच नको का? लेकराला घे आणि भोगीच्या आधी चार दिवस इकडे ये."

गेले. १० जानेवारीला पोचले, तेव्हा येवल्यात सगळीकडे पतंगांचीच धांदल होती. भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस तिथे पतंग उडतात, हलकडी वाजते, म्हातारी माणसंसुद्धा आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, घेऊन गच्चीवर चढतात. आम्ही दोघी मात्र पहाटे चारला मागच्या पडवीत.

तयारी आदल्या दिवशीची. तीळ निवडले, चाळले, हलके भाजले. बारीक दाण्यांसाठी खसखस, मोठ्यांसाठी साबुदाणा. आत्याने साबुदाणा दोन चाळण्यांतून काढला. हारात सगळे दाणे एका मापाचे लागतात, लहानमोठे असले की हार वाकडा दिसतो. एक किलो साखर, ती बुडून थोडं वर येईल इतकं पाणी. उकळी आली की दोन चमचे दूध. दुधाबरोबर साखरेची मळी करड्या फेसासारखी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकायची. मग पाक फडक्यातून गाळायचा आणि लिंबाचे चार थेंब, म्हणजे तो भांड्यातच साखर होऊन बसत नाही. पाक एकतारीच्या जरा अलीकडे ठेवायचा. मी घरी दाट केला होता, पहिली चूक तीच.

दुसरी चूक आचेची. कोळशाच्या शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर राखेचा थर, त्यावर कल्हईची पितळी परात, तीही अर्धीच शेगडीवर. परातीत मूठभर दाणे. त्यावर एक चमचा पाक, एकच. बोटं पाण्यात बुडवून घ्यायची आणि टोकांनी दाणे फिरवायचे. दाबायचं नाही, चोळायचं नाही. आधी ओलसर, जड लागतात. मग एकदम हलके होतात आणि परातीत खुळखुळ आवाज येतो. तो आवाज आला की पुढचा चमचा. दाणे तापले की परात शेगडीवरून उतरवायची आणि गार होऊ द्यायची. पहाटेची थंडी खरी इथे कामाला येते. दाणा आतून गरम, बाहेर कोरडी गार हवा. पाकातलं पाणी उडतं आणि साखर दाण्याच्या उंचवट्यावर खडा धरते. पुढच्या चमच्यातली साखर त्याच खड्यावर बसते. असं टोकावर टोक चढत जातं.

पहिल्या दिवशी सकाळी आठपर्यंत चार तास बसलो, आणि दाणे फक्त पांढुरके झाले. माझी बोटं लाल झाली. आत्याची नाही, तिच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले आहेत. परातीच्या तळाला साखरेचा पापुद्रा बसला होता. तो तसाच ठेवला तर दाण्यांना पिठी लागते आणि काटा बुजतो, म्हणून दर थोड्या वेळाने दाणे काढायचे, परात धुऊन कोरडी करायची, पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. आत्याने पडवीतून वर पाहिलं आणि शेगडी पेटवलीच नाही. मला धीर धरवेना. एक घाणा करून पाहू म्हटलं. ती म्हणाली, "आज घातलास तर कालचंही जाईल." हलवा डब्यात, डबा फडक्यात, आणि तो अख्खा दिवस आम्ही गुळपोळीच्या गुळासाठी तीळ कुटण्यात घालवला.

त्या दुपारी आतोबांनी मला संक्रांतीच्या तारखेचं कोडं उलगडून सांगितलं. ते शाळेत भूगोल शिकवायचे. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच, दिवस तेव्हापासूनच मोठा होऊ लागतो. कधीकाळी मकर राशीतला प्रवेश आणि हे वळणं एकाच वेळी होत असे. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ला येते. मला वाटायचं, संक्रांत इंग्रजी तारखेला येते म्हणजे तारीख कायमची ठरलेली. ती हळूहळू पुढे सरकते आहे हे ऐकून मी थक्क झाले. पण हेही पटलं की सण आहे तिथेच शोभतो. डिसेंबरात सूर्य वळला तरी गारठा अंगात मुरलेला असतो तो जानेवारीत. तीळ, गूळ, बाजरी, काळी चंद्रकळा, सगळं ऊब धरणारं.

१३ला भोगी. पहाटे आभाळ निवळलं होतं आणि आदल्या दोन दिवसांपेक्षा जास्त गारठा होता. तोंडातून वाफ निघत होती. आत्या शेगडीपाशी बसली, मी समोर. सहाच्या सुमाराला मी परातीतून एक दाणा उचलून कंदिलाजवळ धरला. सगळीकडून टोकं फुटली होती, नखाएवढीही नाहीत, पण बोटाला टोचणारी. मी ओरडलेच. आत्याने वर पाहिलं नाही, म्हणाली, "आता हात अजून हलका." त्यानंतर तासभर श्वाससुद्धा जपून घेत होते, एक जोराचा हात लागला तर काटे मोडतील म्हणून. नंतर दुपारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं, वर तिळाचं कूट. चार वेळा वाढून घेतली.

संक्रांतीला सुगडं पुजली. संध्याकाळी दागिने गुंफायला बसलो. हलव्याला सुई लावत नाहीत, दाणा फुटतो. दुहेरी दोऱ्याची गाठ दाण्याभोवती आवळायची, की पुढचा दाणा, की पुढची गाठ. मुकुट पुठ्ठ्यावर केला, बासरी एका काडीवर. रात्री एकपर्यंत हार पुरा झाला.

बोरन्हाण डोंबिवलीत २५ला केलं, रथसप्तमीच्या दिवशी. गेल्या वर्षी रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, यंदा संक्रांतीनंतर जेमतेम अकरा दिवस. संक्रांत सूर्याच्या हिशेबाने आणि रथसप्तमी माघातल्या तिथीने, म्हणून हे अंतर दरवर्षी बदलतं. सकाळी गॅलरीत पाटावर सूर्याचा रथ काढला, येवल्याहून आणलेल्या गोवरीवर बोळक्यात दूध उतू घातलं. संध्याकाळी लेकाला काळं झबलं घालून पाटावर बसवलं, औक्षण केलं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, बत्तासे ओतले. सोसायटीतली दहा-बारा मुलं लूट वेचायला तुटून पडली. तो मात्र शांत बसला होता. हाराचा एक दाणा त्याने दोन बोटांत धरला, दाबून पाहिला, टोचल्यावर हात मागे घेतला आणि पुन्हा धरला.

हवेचा परिणाम व्हायचा तो झालाच. दोन दिवसांत मुकुटाचे दाणे ओलसर झाले, हार डब्यात तांदळात पुरून ठेवला म्हणून राहिला. रात्री आत्याचा फोन आला. पाहुणे किती आले, काय केलं होतं, काही विचारलं नाही.

"काटा टिकला का गं?"

"हाराचा टिकला, आत्या."

"मग पुढच्या वर्षी परात तू धर."