हत्तुसा: इंद्र-वरुण शोधायला गेलो त्या गावी

बाबांचं वय ७१, गुडघे त्याहून जुने. तरी तुर्कस्तानचं ठरलं तेव्हा कापादोक्याच्या गरम हवेच्या फुग्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "मला बोआझकॉय दाखव. इंद्र-वरुणांची नावं जिथं सापडली ते." नकाशावर हे गाव आता बोआझकाले म्हणून सापडतं. हिटाइटांची, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथं राज्य करणाऱ्या लोकांची, राजधानी हत्तुसा ती हीच, अंकाराच्या पूर्वेला साधारण २०० किलोमीटरवर.

जाणं तसं सोपं आहे, शेवटचा टप्पा सोडून. अंकाराच्या बसस्थानकावरून सुंगुर्लूपर्यंत चांगल्या बस आहेत, अडीच-तीन तास लागतात. पुढच्या तीसेक किलोमीटरसाठी दोल्मुश, म्हणजे आपली वडाप, भरली की सुटणारी. आम्ही तासभर ताटकळलो आणि शेवटी टॅक्सी केली. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सुंगुर्लूत वेळ न घालवता टॅक्सीच ठरवा, आणि दिवसभराची ठरवा. अवशेषांना वळसा घालणारा रस्ता पाच-सहा किलोमीटरचा आहे, बराचसा चढाचा, आणि झाड औषधालाही नाही. टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी हवंच.

आमची पहिली चूक म्हणजे पोहोचलो त्याच संध्याकाळी याझिलीकायाला गेलो. मुख्य शहरापासून दीड-दोन किलोमीटरवरचं हे उघड्या आभाळाखालचं देवस्थान. नावाचा अर्थच कोरलेला खडक. पण उन्हं कललेली, सगळी भिंत सावलीत, आणि देवांच्या जागी नुसते खडबडीत उंचवटे. बाबा म्हणाले, "एवढ्यासाठी आलो?" दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला परत गेलो तर त्याच भिंतीतून मिरवणूक बाहेर आली. डावीकडून देव, उजवीकडून देवी, आणि मधल्या भिंतीवर दोघांची गाठ पडते: दोन पर्वतदेवांच्या खांद्यांवर पाय रोवून उभा असलेला वादळदेव तेशुब आणि समोर सिंहासारख्या श्वापदावर उभी हेबात. "ही तर सिंहवाहिनी!" बाबा खूश. देवीचा आपल्याशी संबंध जोडायला आधार काही नाही, पण त्या क्षणी मी वाद घातला नाही.

खरी गंमत नावांत आहे. तेशुब आणि हेबात हे मुळात हुर्रियन लोकांचे देव, म्हणजे आग्नेयेकडच्या शेजाऱ्यांचे. हिटाइट राजे स्वतःच्या देशाला हजार देवांचा म्हणवत, आणि ते हजार भरले कसे ते इथं कळतं: जो मुलूख जोडला त्याचे देवही घरात घेतले. 'हत्ती' हे देशाचं नावही त्यांच्या आधीच्या लोकांचं. स्वतःच्या भाषेला ते नेसा शहरावरून नाव देत, आणि तिथं, आजच्या कुलतेपेला, आधी अश्शूरी व्यापाऱ्यांची पेठ होती.

याझिलीकायाच्याच बाजूच्या अरुंद दालनात न विसरता जा. बराच काळ मातीत गाडलेलं राहिल्यामुळे तिथलं कोरीवकाम जास्त शाबूत आहे. विळ्यासारख्या तलवारी खांद्यावर घेतलेले बारा देव एकामागोमाग चालले आहेत, पावलं अशी जुळलेली की कवायतच. समोर शर्रुमा देवानं हिटाइट राजा चौथ्या तुधलियाच्या गळ्यात हात टाकून त्याचं मनगट धरलंय. शाळेत पोचवायला निघालेल्या काकासारखा.

आता इंद्राचं. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात हिटाइट राजा पहिल्या सुप्पिलुलियुमानं शेजारच्या मितानी राज्याच्या शत्तिवाझा राजाशी करार केला. साक्षीला दोन्हीकडच्या देवांची लांबलचक यादी, आणि त्यात मितानीच्या बाजूनं मित्र, वरुण, इंद्र, नासत्य. म्हणजे हे देव हिटाइटांचे नव्हेत, शेजाऱ्यांचे. व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं "हिटाइट वैदिक होते" वगैरे काही नाही. मितानीच्याच किक्कुली या घोडे शिकवणाऱ्यानं घोड्यांच्या तालमीवर लिहवून ठेवलेल्या मजकुरात फेऱ्यांचे आकडे येतात ते असे: ऐक, तेर, पंझ, सत्त, आणि पुढं 'वर्तन्न', म्हणजे फेरी. हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, तर शेजारचा तुर्की पर्यटक चमकून बघायला लागला. खुद्द हिटाइट भाषाही संस्कृतच्या दूरच्या नात्यातली निघाली. १९१५ साली चेक भाषाशास्त्रज्ञ बेड्रिच ह्रोझनीला ती उलगडली ती 'भाकरी खाल, पाणी प्याल' अशा अर्थाच्या एका ओळीवरून. त्यात पाण्याला शब्द 'वातर', आपल्या 'उदका'चा भाऊबंद.

यातलं काहीही जागेवर दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मातीच्या पाट्या आणि त्यांचे तुकडे मिळून तीसेक हजार इथं निघाले, ते संग्रहालयांत गेले. इजिप्तच्या रॅमसीस दुसऱ्याबरोबरच्या तहाची (इ.स.पू. १२५९) पाटी इस्तंबूलला आहे. शहराच्या राजद्वारावर कोरलेला योद्धा नक्कल आहे, अस्सल अंकाराला. त्यामुळे अंकाराचं अनातोलियन संस्कृतींचं संग्रहालय आधी बघा. आम्ही शेवटी पाहिलं, ही दुसरी चूक. १९८६ साली सापडलेली तुधलियाच्या कराराची कांस्यपाटीही तिथंच आहे. स्फिंक्सची जोडी मात्र बोआझकालेच्याच छोट्या संग्रहालयात. त्यातली एक २०११ साली बर्लिनहून परत आली.

जागेवर बघायचं ते दगड आणि उतार. सिंहद्वार, मोठं देऊळ, तिथला गुळगुळीत हिरवा दगड (जो तो हात लावून काहीतरी मागतो, बाबांनीही मागितलं). आणि येरकापी. तीसेक मीटर उंचीचा माणसांनी रचलेला मातीचा बांध, त्याच्या पोटातून सत्तर मीटरचा भुयारी बोळ. दोन्हीकडून पुढं सरकत जाणारे दगड डोक्यावर त्रिकोणात टेकलेत. आत गारवा, बाहेर रखरखाट. बाबा मध्येच थांबून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "इथं बस म्हणालीस तर दिवसभर बसेन." खालची जमीन ओबडधोबड आहे, मोबाइलचा उजेड पुरत नाही, बॅटरी न्या. गुडघ्यांचा त्रास असेल तर बांधावरच्या दगडी पायऱ्या सोडून द्या, टॅक्सी वरपर्यंत येते.

शाकाहारींसाठी: मसुराचं सूप सगळीकडे मिळतं, पण मटणाच्या पाण्यात केलंय का ते विचारा. पालक नाहीतर चीज घातलेली गोझलेमे ही पातळ पोळी पोटभर होते, आणि आयरान म्हणजे खारं ताकच. परतताना चोरुम शहराचे लेब्लेबी घ्या. ते आपले फुटाणे. बाबांनी किलोभर घेतले आणि अंकारा येईपर्यंत अर्धे संपवले.