पाणचक्की ते पाणीमहाल: दुष्काळी मुलखातली पाण्याची करामत

वेरूळ-अजिंठा पाहून झालं की मराठवाड्यातले बहुतेक प्रवासी परत फिरतात. खरं तर तिथून धुळे-सोलापूर महामार्ग धरून दक्षिणेला निघालं, की टँकरच्या बातम्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या याच मुलखात पाण्याला कामाला लावणाऱ्या जागा एकापाठोपाठ एक भेटतात. तीन दिवस हाताशी ठेवा आणि पोळा ते दसरा हा काळ निवडा. आपल्याकडे पावसाचा खरा जोर भाद्रपदात. आषाढात गेलात तर नळदुर्गचे धबधबे बहुधा कोरडेच सापडतील.

सुरुवात छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीपासून. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठी ही चक्की आहे. लोक हौद आणि जुना वड बघतात, फोटो काढतात आणि निघतात. मुख्य गोष्ट त्याआधीच्या वाटेवर आहे. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून, म्हणजे नहरीतून, इथवर आणलं होतं, तेही केवळ उताराच्या जोरावर. नळ खाली उतरून पुन्हा वर चढतो त्या उंचवट्यावर हवा अडकते आणि प्रवाह तुटतो. ती हवा निघून जावी म्हणून नहरीच्या वाटेवर उभे मनोरे बांधलेले असतात. शेवटी हे पाणी उंच भिंतीवरून हौदात पडतं. चक्कीकडे येणारी धार खालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर आदळते, चाकाचा उभा दांडा फिरतो आणि त्याच्यासोबत जात्याची वरची तळी फिरते. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी इथे पीठ दळलं जायचं. हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचं छत, हे मात्र मुद्दाम विचारून बघा. वर पाणी असल्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही गार राहतं. नहरीला पाणी कमी आलं की भिंतीवरची धार बारीक होते. पाऊस झाल्यावर जा म्हणतो ते त्यासाठीच.

पुढचा मुक्काम बीड. शहराच्या दक्षिणेला पाचसहा किलोमीटरवर खजाना विहीर आहे, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळातली. तिचं पाणी वाढतही नाही आणि आटतही नाही, असं गावोगाव सांगतात. यातला ‘वाढत नाही’ हा भाग विहिरीच्या रचनेतूनच समजतो. हिला तीन भुयारी वाटा आहेत. दोन वाटांनी पाणी आत येतं, तिसरीने शेतीकडे निघून जातं. आलेलं जादा पाणी तिसऱ्या वाटेने वाहून जातं, म्हणून पातळी एका रेषेवर थांबते. पायऱ्यांवर शेवाळ असतं तेव्हा काठावरूनच बघा. आत उतरण्यात काही शहाणपण नाही. बीडमध्येच पाण्याच्या मधोमध उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर आहे. त्याला अर्धा तास पुरे.

तेरला मात्र घाई करू नका. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणेकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर या पेठेचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोचच्या बंदराकडे जायचं. गावातलं रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालय एका माणसाने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंवर उभं राहिलं आहे. सातवाहन नाणी, शंखाच्या बांगड्या, मणी, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या. इथे सापडलेली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पाँपेईत मिळालेल्या बाहुलीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. निदान दोन तास द्या. मणी नुसते लांबून बघितले तर काहीच हाती लागत नाही, त्यांची भोकं आणि झिलई जवळून बघा. सरकारी संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, तेवढा दिवस टाळा.

तेरची दुसरी नवलाई म्हणजे पाण्यावर तरंगणारी वीट. मातीत भुसा मळून वीट भाजली की भुसा जळतो, त्याच्या जागी पोकळ्या उरतात आणि वीट हलकी होते. अशा विटांचं बांधकाम उंच गेलं तरी पायावर भार कमी येतो. विटांचंच त्रिविक्रम मंदिरही चुकवू नका. मागून बघा, म्हणजे त्याची हत्तीच्या पाठीसारखी गोलाई कळेल. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर विटा-खापरं दिसली तरी उचलून आणू नका. जागेवरून हललेल्या खापराची निम्मी माहिती तिथेच हरवते.

शेवटी नळदुर्ग, तुळजापूरहून साधारण पस्तीस किलोमीटर. किल्ल्यातून वाहणाऱ्या बोरी नदीवर इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, 1613 मध्ये दगडी बंधारा घातला आणि त्याच बंधाऱ्याच्या पोटात महाल काढला. तोच पाणीमहाल. बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी पाणी उडी घेतं, ते नर आणि मादी. आतल्या सज्जातून बघितलं तर समोर पाण्याचा पडदा आणि आपण कोरडे! पण वरचं बोरी धरण भरून पाणी सुटल्याशिवाय हे दृश्य दिसत नाही आणि कमी पावसाच्या वर्षी ते दिसतच नाही. निघण्याआधी गावात फोन करून ‘सांडवा सुरू आहे का’ एवढं विचारून घ्या. पाणी फार चढलं असेल तर महालात सोडत नाहीत, तेव्हा हुज्जत घालू नका. उतरायचा जिना अंधारा आणि ओला असतो: विजेरी आणि पकड असलेले बूट हवेतच, चपलेवर जाऊ नका. सकाळी लवकर शिरलात तर उंच उपळी बुरूज आणि नऊ पाकळ्यांचा नवबुरूजही निवांत होतो. एकूण अर्धा दिवस लागतो.

मुक्कामाला तुळजापूर सोयीचं. फक्त मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून खोली बघा, आणि नवरात्रात तर मुक्काम सोलापूरलाच करा.